गिटारपुढचा माईक : प्रस्तावना

मराठी गाण्याच्या कार्यक्रमात माईक वाटण्याचा एक अलिखित क्रम असतो. सगळ्यात चांगला माईक निवेदकाला. त्याच्या खालोखालचा गायकाला, मग गायिकेला. गायिका दोन असतील तर दोघींना एकाच कंपनीचे, म्हणजे रुसवा नको. तबल्याला दोन, संवादिनीला एक, बासरीला एक. एवढं झाल्यावर पेटीच्या तळाशी जो उरेल, जाळी चेपलेला आणि बटण सैल झालेला, तो गिटारसमोर येतो. गिटारवाला बहुधा मंचावर वयानं सगळ्यात लहान असतो, म्हणून तो काही बोलत नाही. साउंडवाला तो माईक गिटारच्या मधल्या गोल भोकासमोर आणून ठेवतो, ‘हां भैया, बजाओ’ म्हणतो, एक घुमारा उठतो, गिटारचा फेडर झटकन खाली येतो, आणि पुढचे अडीच तास गिटार नुसती दिसत राहते.

हे पुस्तक त्या उरलेल्या माईकविषयी आहे. रायपूर, दुर्ग, भिलाई, बिलासपूर इथल्या मंडळांत, कॉलेजांत आणि अलीकडे कॅफेंमध्ये जे अकूस्टिक गिटार वाजवतात, आणि त्यांचा आवाज ज्यांच्या हातात असतो, त्या दोघांना समोर ठेवून ते लिहिलं आहे. रेकॉर्डिंगविषयी इंटरनेटवर रग्गड माहिती सापडते. मंचावरच्या गिटारविषयी सापडते ती बहुतेक परदेशातल्या थिएटरांची, जिथे कूलर नसतात, पत्र्याचा मांडव नसतो आणि वादक गादीवर मांडी घालून बसत नाही.

रायपूरला मराठी माणूस नवा नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडवर बसला आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा करेपर्यंत तो या ना त्या रूपात राहिला. तात्यापाऱ्यासारख्या वस्तीत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, गणेशोत्सव आहे, कोजागिरी आहे, दिवाळी पहाटही आता आहे. संगीताचा संस्कारही लांबून आणावा लागत नाही. खैरागडला १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभं राहिलं, आणि भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तिथे कुलगुरू होते. तंबोऱ्याची जवारी किंचित बिघडली तरी मान वर करणारे श्रोते या शहरात आहेत. तेच श्रोते गिटारचा आवाज डब्यातून आल्यासारखा आला तरी तक्रार करत नाहीत.

याचं कारण मला असं दिसतं की गिटारला आपल्याकडे कुणी कधी नीट ऐकलेलंच नसतं. नाट्यसंगीतात ती नव्हती. भावगीतात आली ती वाद्यवृंदातली एक म्हणून, मागून कॉर्ड धरायला. गझलेच्या मैफिलीत जगजित सिंहांनी तिला पुढे बसवलं, आणि आता सुरेश भटांच्या गझलांचा कार्यक्रम असला तरी दोन शेरांमधल्या जागेत गिटारचा एक तुकडा येतो, सारंगीच्या जागी. म्हणजे जबाबदारी वाढली, माईक मात्र तळातलाच राहिला.

आता मूळ प्रश्न. गिटार वाजते कुठून? दहा जणांना विचारलं तर नऊ जणांचं बोट गोल भोकाकडे जाईल. तार एकटी जवळजवळ मुकी असते, कारण इतकी बारीक वस्तू हवेला फारसं ढकलू शकत नाही. तिची थरथर सॅडल आणि ब्रिजमधून वरच्या लाकडी तबलीत उतरते, तबली हवा हलवते, पाठ आणि आतली हवा तिला साथ देतात. गोल भोकातून जे बाहेर पडतं ते मुख्यतः या आतल्या हवेचं हेलकावणं. त्या हवेला स्वतःचा एक सूर असतो. मोठ्या पोटाच्या ड्रेडनॉट गिटारमध्ये तो शंभर हर्ट्झच्या आसपास बसतो. जाड सहाव्या तारेचा मोकळा सूर ८२ हर्ट्झ, पाचवीचा ११०. म्हणजे हा सूर नेमका दोघींच्या मधे. भोकासमोर माईक धरला की या पट्ट्यातला प्रत्येक स्वर फुगून येतो, आणि कार्यक्रमात फीडबॅकचा पहिला घुमारा उठतो तोही बहुधा इथूनच. तबलीचा स्वतःचा पहिला मोठा अनुनाद याच्या वर, साधारण दोनशे हर्ट्झच्या शेजारी येतो. गिटारला माईक लावताना निम्मी भांडणं या दोन जागांशी असतात.

भोकापासून मानेकडे सरकलं, जिथे मान पोटाला मिळते तिथपर्यंत, म्हणजे बऱ्याच स्टील-तारांच्या गिटारींवर चौदाव्या पडद्याजवळ, की घुमारा उतरतो आणि तारांची चकाकी वर येते. थोडं पोटाकडे तोंड वळवलं तर ऊबही राहते. पुस्तकांत बाराव्या पडद्याचा उल्लेख येतो तो याच पट्ट्याचा, आणि सुरुवात करायला ती जागा चांगलीच आहे. ब्रिजच्या मागे, तबलीच्या रुंद भागासमोर, आवाज भरीव आणि किंचित लाकडी येतो. बोटांनी वाजवणाऱ्याला तो आवडतो, पिकनं झोडपणाऱ्याला आवडत नाही. पण हे सगळं सांगूनही प्रत्येक गिटार वेगळी असते. त्यामुळे मी माईकच्या आधी कान लावायला सांगतो. एक कान बोटानं बंद करा आणि दुसरा गिटारभोवती वीतभर अंतरावरून फिरवा. जिथे तुम्हाला ‘ही गिटार’ असं वाटेल तिथे माईक उभा करा. मंचावर असं वाकून ऐकणारा साउंडवाला लोकांना विचित्र दिसतो, दिसू द्या.

इथे एका ध्वनिमुद्रिकेचा उल्लेख करायला हवा, कारण तिच्यामुळे बऱ्याच तरुणांचा गैरसमज होतो. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा म्हणजे गिटारचंच एक भारतीय रूप. १९९२ मध्ये अमेरिकेत सांता बार्बरा इथल्या एका चॅपेलमध्ये ते आणि राय कूडर एकत्र बसले आणि ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ तयार झाली. १९९४ मध्ये तिला ग्रॅमी मिळालं. ती टिपली होती एकमेकांना काटकोनात धरलेल्या माईकच्या एका जोडीवर, ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानं १९३१ मध्ये ज्या पद्धतीचं पेटंट मागितलं होतं त्या पद्धतीनं. दोन तारवाद्यं, तबला, दुंबेक, सगळे त्या जोडीभोवती. मोहनवीणेच्या तारेवरून सळई सरकताना होणारी बारीकशी खरखरसुद्धा त्यात आहे. हे ऐकून आपला गिटारवाला दोन उसने कन्डेन्सर माईक आणतो, मंचावर हातभर लांब ठेवतो आणि पहिल्याच ओळीला सभागृहात किंकाळी फुटते. त्या चॅपेलमध्ये एकही लाउडस्पीकर चालू नव्हता, एवढाच दोन्हींतला फरक.

मंचावर माईक, ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि पुन्हा माईक असं चक्र असतं. स्पीकरमधून निघालेला आवाज माईकपर्यंत पोचतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो. एखाद्या सुरावर हे चक्र आपलं आपण फिरायला लागलं की शिट्टी. गायकाचा माईक ओठांपासून चार बोटांवर असतो, त्याचा आवाज माईकमध्ये इतका जोरात शिरतो की चक्र दबून राहतं. बोटांनी हळू वाजवलेली गिटार एक मीटरवर साठ-सत्तर डेसिबलच्या घरात. बाजूला तबला आणि ढोलक. साहजिकच गिटारचा माईक सगळ्यात जास्त उघडावा लागतो आणि सगळ्यात आधी तोच ओरडतो.

आता अंतराचा हिशेब. माईक गिटारपासून १५ सेंटीमीटरवरून ३० वर नेला तर त्यात शिरणारा गिटारचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो, स्पीकरकडून येणारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे शिट्टीपर्यंतची जागा ६ डेसिबलनं कमी झाली. जवळ जाऊन ५ सेंटीमीटरवर लावला तर जागा भरपूर मिळते, पण मग गिटारचा एक तुकडा तेवढा ऐकू येतो. एका दिशेनं ऐकणारे माईक जवळून खर्ज फुगवतात ते वेगळंच, आणि वादक सूर लावायला जरा हलला की अंतर दुप्पट होतं. म्हणून १५ ते २५ सेंटीमीटरच्या पट्ट्यात बहुतेक कार्यक्रम निभतात. मंच शांत असेल तर ३०, ४० परवडतात, आणि तिथे गिटार खरी गिटारसारखी वाजते.

दुसरा हिशेब उघड्या माईकांचा. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपर्यंतची जागा ३ डेसिबलनं घटते. एकाचे आठ झाले की ९ डेसिबल गेले. आमच्या मंडळांत निवेदकाचा माईक गाणं चालू असतानाही उघडाच असतो, कारण मधेच एखादी सूचना, एखाद्या पाहुण्याचं आगमन. पाहुणे आले की कळतंच. तो माईक बंद ठेवला तर गिटारला थोडी हवा मिळते आणि पैसा खर्च होत नाही.

त्यामुळे ‘कोणता माईक घेऊ?’ हा प्रश्न माझ्या दृष्टीनं तिसरा आहे. पहिला प्रश्न मंच किती शांत आहे हा, आणि दुसरा, तेवढ्या शांततेत माईक किती लांब ठेवणं परवडतं हा. या दोन्हींची उत्तरं मिळाली की तिसऱ्याचं उत्तर बऱ्याचदा पेटीतच असतं.

मंच गोंगाटाचा होतो तो मुख्यतः मॉनिटरमुळे, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरांमुळे. तबलजी म्हणतो मला मी ऐकू येत नाही, त्याचा मॉनिटर वाढतो. त्यानं गायिकेला स्वतःचा स्वर लागेनासा होतो, तिचा वाढतो. कीबोर्डवाला स्वतःचा ॲम्प्लिफायर घेऊन आलेला असतो, त्याला कुणाला विचारावं लागत नाही. शेवटी गिटारवाला हात वर करतो: ‘गिटार थोड़ा बढ़ाओ भैया.’ तिथेच शिट्टी. यावर उपाय उलट्या टोकापासून करायचा. साउंडचेकला आधी एकही मॉनिटर न लावता एक गाणं वाजवून घ्या. ज्याला खरोखर अडचण आली त्यालाच मॉनिटर द्या, आणि गिटारवाल्याला जमेल तर हेडफोन. इअरफोनवर ऐकायची सवय नव्या पिढीला आहेच.

मॉनिटर कुठे ठेवायचा हे माईकच्या जातीवर ठरतं. साधा कार्डिऑइड माईक थेट आपल्या पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर त्याच्या बरोबर मागे हवा. सुपरकार्डिऑइड माईक बाजूचं कमी ऐकतो, पण ठीक पाठीमागचं थोडं ऐकतो. त्याचा बहिरा कोपरा समोरच्या दिशेपासून सुमारे १२५ अंशांवर असतो, म्हणून मॉनिटर मागे तिरका सरकवावा लागतो. गिटारचा माईक वादकाच्या समोर आडवा असेल तर त्याची पाठ प्रेक्षकांकडे आणि पुढ्यातल्या मॉनिटरकडे येते, म्हणजे कार्डिऑइडला सोयीचं. पण गादीवर बसलेल्या वादकापुढे बुटका स्टँड नसतो, उंच स्टँडवरून माईक खाली लोंबकळत असतो. त्या स्थितीत वादकाशेजारच्या मॉनिटरचा आवाज बिनदिक्कत आत जातो. बुटका बूम स्टँड हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त सुधार आहे, आणि साउंडवाल्याच्या गाडीत तो नसतोच.

गादीचं आणखी एक. आपले मंच लाकडी तख्तांचे, आतून पोकळ. तबलजीचा पाय हलला, गायिकेनं मांडीवर ताल धरला, की धप् धप् स्टँडमधून माईकमध्ये उतरतं. स्टँडखाली जाड फोमचा तुकडा ठेवावा आणि मिक्सरवर गिटारच्या चॅनेलचं लो-कट बटण दाबावं. ते बटण साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापतं. गिटारच्या जाड तारेचा मूळ सूर थोडा जातो, पण तिची ओळख वरच्या स्वनांत असते, कान ती भरून काढतो.

रायपूरच्या हवेवर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे, आणि ते वाचताना बाहेरच्या वाचकाला अतिशयोक्ती वाटेल. मे महिन्यात इथे पारा ४३-४४ ला जातो. आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो, अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. दुपारी चार वाजता ४४ अंशांत मोकळ्या मंचावर साउंडचेक केला आणि कार्यक्रम रात्री ३० अंशांत झाला तर आवाजाच्या वेगात दोन-अडीच टक्क्यांचा फरक पडतो, आणि ज्या सुरांवर शिट्टी उठायची तेही तेवढेच सरकतात. दुपारी इक्वलायझरवर अगदी अरुंद खाच मारून एक शिट्टी दाबलेली असते. रात्री ती खाचेच्या शेजारून बाहेर येते. म्हणून उन्हाळ्यात खाच जरा रुंद ठेवावी, आणि खरा साउंडचेक सूर्य मावळल्यावर पुन्हा करावा.

मग कूलर. बंदिस्त सभागृहात चार कोपऱ्यांत चार कूलर घोंघावत असतात. ते एकतर सगळ्या आवाजावर एक जाड पडदा टाकतात, ज्यानं सगळेच फेडर वर जातात. शिवाय हवेत ओल आणतात. गिटारचं लाकूड कोरड्या हवेत आकसतं, ओल्या हवेत फुगतं. गिटार बनवणारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सांगतात. रायपूरच्या एप्रिलमध्ये दुपारची हवा त्याच्या निम्म्यावरही असते आणि ऑगस्टमध्ये ऐंशीच्या वर. ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमक्या गणपतीच्या तोंडावर, तबली फुगते, तारा वर उचलल्या जातात, आवाज बसका होतो, आणि वादक साउंडवाल्याला दोष देतो. गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि कार्यक्रमाच्या तासभर आधी मंचावर आणा, कूलरच्या झोतात मात्र नको. मुक्ताकाशी मंचांवर कूलरच्या जागी वारा येतो. तिथे कन्डेन्सर माईकवर फोमची टोपी नसेल तर फडफड ऐकू येते.

आता माईक. शूअर कंपनीचा एसएम ५७ १९६५ मध्ये आणि एसएम ५८ १९६६ मध्ये आला, आणि आजही कोणत्याही साउंडवाल्याकडे यांपैकी एक तरी असतो. खरा असेल याची खात्री देत नाही, कारण नकलांचा बाजार मोठा आहे. गिटारला ५७ चालतो. त्याला वरची नाजूक झळाळी टिपता येत नाही, खर्ज तो आपणहून थोडा उतरवतो, आणि गोंगाटाच्या मंचावर हे दोन्ही दोष उपयोगी पडतात. मंच शांत असेल तर लहान पडद्याचा कन्डेन्सर घ्यावा. शूअर एसएम ८१, एकेजीचा सी ४५१, नॉयमनचा केएम १८४ ही नावं वर्षानुवर्षं याच कामासाठी घेतली जातात, आणि त्यांच्याहून स्वस्त पण प्रामाणिक माईकही आता मिळतात. कन्डेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो. छोट्या मिक्सरवर तो सगळ्या चॅनेलांना एकाच बटणानं जातो, तेव्हा ते दाबताना मास्टर खाली असावा, नाहीतर पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांना धक्का बसतो. वादक उभा राहून हिंडणारा असेल तर गिटारलाच चिकटणारा छोटा क्लिप-माईक, डीपीएच्या ४०९९ सारखा, बरा. त्यात अंतर बदलतच नाही. तो महाग आहे, एवढीच त्याच्याविरुद्ध तक्रार.

हिंडण्यावरून पंडवानी गायिका तीजनबाईंची आठवण होते. पंडवानीच्या, म्हणजे छत्तीसगडी महाभारत-गायनाच्या, कापालिक शैलीत गायिका उभी राहते, तंबुरा कधी गदा होतो कधी धनुष्य, आणि ती मंचभर फिरते; वेदमती शैलीत बसून कथा चालते. बसलेल्या गायिकेला आणि फिरणाऱ्या गायिकेला माईक लावणं ही दोन वेगळी कामं आहेत हे छत्तीसगडच्या जुन्या साउंडवाल्याला सांगावं लागत नाही. तो तंबुऱ्यामागे धावत नाही. आवाज कुठून येईल ते ओळखून उभे माईक योग्य जागी लावतो आणि बाकी कलाकारावर सोडतो. याच साउंडवाल्यापुढे गिटारवाला आला की हे शहाणपण कुठे जातं, कळत नाही.

माईक नकोच, थेट वायर लावू, हा सध्याचा सोपा मार्ग. दाबला की वीज देणाऱ्या स्फटिकांचा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला. गिटारच्या सॅडलखाली असा पिझो पिकअप बसवून तो लोकप्रिय करणाऱ्यांत ओव्हेशन कंपनी होती, १९६० च्या दशकाच्या अखेरीस. तिचा संस्थापक चार्ल्स कामान हा हेलिकॉप्टर बनवणारा अभियंता. कंपनांशी त्याचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे हे त्यालाच सुचावं यात नवल नाही. एमटीव्हीचा ‘अनप्लग्ड’ १९८९ मध्ये सुरू झाला, आणि त्या मंचावरच्याही बऱ्याच गिटारींना वायरी लावलेल्याच होत्या. आज कॅफेमध्ये वाजवणाऱ्या मुलाला ‘अकूस्टिक’ म्हणून जो आवाज ओळखीचा आहे, तो पुष्कळदा पिझोचा आहे: धारदार, पुढे येणारा, जोरात वाजवलं की ‘क्वॅक’ असा तुटणारा.

मी पिझोच्या विरोधात नाही. धुमाल बँडच्या गाड्या रस्त्यावरून जात असताना चौकातल्या मंचावर गिटार वाजवायची असेल तर दुसरा मार्गच नाही. पण ती वायर सरळ मिक्सरमध्ये खुपसू नये. बॅटरी नसलेल्या पिझोला समोर किमान दहा लाख ओहमचा अडथळा लागतो, मिक्सरच्या लाइनला तो दहा-वीस हजारच असतो, आणि मग सगळा खर्ज गळून जातो. त्याला ॲक्टिव्ह डीआय बॉक्स हवा. गिटारमध्ये बॅटरी आणि प्रीअँप असेल तर साधा पॅसिव्ह डीआयही पुरतो. डीआयवरचं ग्राउंड-लिफ्टचं बटण जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात फार उपयोगी आहे. घर्रर्र आवाज येत असेल तर आधी ते दाबून बघा, अर्थिंगची पिन तोडू नका. आणि गोल भोकात बसवायची रबराची चकती मिळते, ती आतल्या हवेचा तो शंभर हर्ट्झचा सूर दाबते.

खरी मजा दोन्ही एकत्र लावण्यात आहे. पिझोकडून खालचा भरीव भाग आणि जोर, माईककडून वरची हवा आणि बोटांचा स्पर्श. मात्र पिझो तारेचा आवाज लगेच देतो आणि ३० सेंटीमीटरवरचा माईक सुमारे ०.९ मिलिसेकंद उशिरा. एवढ्याशा उशिरानं ५७० हर्ट्झच्या आसपास दोघं एकमेकांना खाऊन टाकतात, मग त्याच्या तिप्पट, पाचपट सुरांवर. गिटार पोकळ आणि नाकात बोलल्यासारखी येते. मिक्सरवर पोलॅरिटी उलटवायचं बटण असेल तर दोन्ही बाजूंनी ऐकून भरीव वाटेल ती बाजू ठेवायची. डिजिटल मिक्सर असेल तर पिझोला तेवढाच उशीर द्यायचा. माईकचं लो-कट वर नेऊन, त्याचा खालचा भाग पुष्कळ कापून टाकला तरी हे भांडण बरंच मिटतं. या एका विषयावर पुस्तकात मी सगळ्यात जास्त पानं खर्च केली आहेत, आणि ती एका बैठकीत वाचायची नाहीत.

रात्री दहाचा प्रश्न राहिलाच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणासमारंभांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. आमच्या कोजागिरीच्या गच्चीवर याचा फायदा असा होतो की दहाला साउंडवाला वायरी गुंडाळायला लागतो आणि गिटार नुसती वाजू लागते. वीस-पंचवीस माणसांपर्यंत ती पोचते. ज्यांनी कधी अशी ऐकली नसेल त्यांनी ऐकावी, विशेषतः साउंडवाल्यानं, कारण मंचावर उभी करायची आहे ती गिटार कोणती हे त्याला तेव्हाच कळतं.

पुस्तक क्रमानं वाचायची गरज नाही. ज्यांच्याकडे पिकअपची गिटार आहे त्यांनी डीआय आणि मिश्रणाचं प्रकरण आधी घ्यावं. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मॉनिटरचं. वादकानं नव्या तारा कार्यक्रमाच्या दिवशी लावू नयेत, दोन दिवस आधी लावाव्यात, म्हणजे त्या ताणून स्थिर होतात. साउंडचेकला गिटारसाठी दहा मिनिटं आधीच मागून घ्यावीत. त्यातली पहिली पाच मिनिटं माईक बंद ठेवून वाजवावं, आणि साउंडवाल्याला मिक्सर सोडून मंचावर बोलवावं. तो येणार नाही. चहा घेऊन बोलवलं तर येतो.